अठरा नंबरची जर्सी

सकाळी चहा ओतत होते आणि पेपरात ते वाचलं. डोक्यात अशी तिडीक गेली की अर्धा चहा टेबलावर.

'बाकीच्या अकरा संघांपैकी कुणीही माझं नाव घेतलं तर आनंदानं जाईन. मात्सुयामा पेलिकन्सनी घेतलं, तर मी एखाद्या कंपनीच्या हौशी संघात खेळेन.'

बोलणारा कोण, तर कुगा. वय अठरा, बेसबॉलचा डावखुरा पिचर, ताशी एकशे त्रेपन्न किलोमीटरच्या वेगानं चेंडू टाकणारा. आणि राहणारा कुठला? उवाजिमाचा! आमच्या स्टेडियमपासून गाडीनं दीड तास. जपानभरच्या संघांनी ज्याच्यासाठी जीव टाकावा असं पोरगं आमच्या दारात वाढलं, आणि साऱ्या देशासमोर सांगतंय की बाकी कुणीही चालेल, तुम्ही तेवढे नको. आम्ही पाच वर्षं तळाला आहोत हे खरं. पण म्हणून काय पेपरात?

मी, सुगाया कात्सुए, पेलिकन्सची निवडप्रमुख. तरुणपणी सॉफ्टबॉलमध्ये कॅचर होते, सतत उकिडवं बसायचं, त्यामुळे गुडघे गेले आणि आवाज मात्र राहिला. पंचवीस वर्षं शाळांच्या मैदानांवर उन्हात बसून पोरं पारखते आहे. रागावले तर कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे क्लबमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवशी दहा वाजता बैठक होती. मी पोचले तेव्हा अध्यक्ष मिझोगुचीसाहेब तोच पेपर पुढ्यात घेऊन बसले होते. हा माणूस जहाजकंपनीतून आमच्यावर येऊन पडलेला. बेसबॉलमधलं त्याला नेमकं एकच कळतं, ते म्हणजे आपलं नाव पेपरात कसं छापून येतंय. शेजारी आमचे मुख्य प्रशिक्षक एबिसावा, एवढे आडदांड, पण खुर्चीत अंग चोरून बसलेले. ड्राफ्ट म्हणजे दरवर्षीची नव्या खेळाडूंची वाटणी; त्यात एकाच खेळाडूवर दोनतीन संघ अडले की चिठ्ठ्या काढतात, आणि सलग चार वर्षं एबिसावांच्या हाताला कोरी चिठ्ठी लागली होती. गावात पोरं कोरा कागद दाखवून त्यांना चिडवायची.

"विषय संपला," मिझोगुची म्हणाले. "या पोराचं नाव घ्यायचं नाही. विद्यापीठाचा तो आउटफिल्डर आहे ना, तो येतो म्हणालाय. त्यालाच घेऊ."

"आउटफिल्डर घेऊन काय लोणचं घालायचंय?" मी म्हटलं.

समोरच्या भिंतीवर खेळाडूंच्या नावांच्या सत्तर लाकडी पाट्या टांगलेल्या असतात. एका संघाला सत्तरच खेळाडू ठेवता येतात, एकाहत्तरावी खुंटीच नाही. मी उठले आणि पाट्यांवरून बोट फिरवायला लागले.

"हे बघा. आउटफिल्डर सात. सातही सारखेच, लांबचे झेल घेतात, धावतात छान, मारतात मात्र जमिनीलगत. आणि इकडे या. डावखुरे पिचर किती? दोन. एक छत्तीस वर्षांचा, तिसऱ्या डावात धापा टाकतो. दुसरा इशिगुरो."

"तो तर मोडलेलाच आहे," मिझोगुची म्हणाले.

"मोडलेला नाही, आपण मोडला!"

एबिसावांनी मान खाली घातली. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता, हुकूम वरून यायचा. पाच वर्षांपूर्वी इशिगुरोला पहिल्या फेरीत घेतलं, अठरा नंबर दिला. आमच्याकडे अठरा नंबर म्हणजे संघाच्या पहिल्या पिचरचा मान, तो अंगावर चढला की स्टेडियम भरतं. मग स्टेडियम भरावं म्हणून त्या कोवळ्या पोराला पुरती विश्रांतीही न देता पुन्हापुन्हा उतरवलं. मी ओरडत होते, कुणी ऐकलं नाही. चौथ्या वर्षी कोपर गेलं. शस्त्रक्रिया झाली, आता येत्या जूनमध्ये परत सामन्यात टाकायला लागेल असं डॉक्टर म्हणतात.

"कुगा नको का म्हणतो, विचारलंत कुणाला?" मी म्हटलं. "इशिगुरो त्याच्याच शाळेचा. इशिगुरो शेवटच्या वर्षाला होता तेव्हा हा तेरा वर्षांचा कुगा मैदानाच्या कडेला उभा राहून त्याचे चेंडू गोळा करायचा. आपण त्याच्या दादाचं काय केलं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. तो कशाला येईल? मी असते तर मीही आले नसते."

"मग झालं तर! तुम्हीच म्हणताय येणार नाही."

"येईल. इशिगुरोची पाटी या भिंतीवर राहिली तर येईल. तो बरा होऊन खेळतोय असं दिसलं तर येईल. मला दोघंही हवेत. एक जूनपासून, एक दोन वर्षांनी नीट तयार करून. या संघाला दुसरा रस्ता नाही, साहेब."

"सत्तर भरलेत, बाई. एक टांगायचा तर एक उतरवायचा. आणि इशिगुरोनं दीड वर्षात सामन्यात एक चेंडू टाकलेला नाही."

हे ते बरोबर बोलत होते. नुसतं ओरडून खुंटी वाढत नाही. मी आउटफिल्डरांच्या रांगेतून तामाकीची पाटी काढली आणि टेबलावर ठेवली. तेहेतीस वर्षांचा तामाकी. त्याला मीच शोधला होता, पावसात, एका बेटावरच्या शाळेत. पाटी मी उलटी ठेवली, त्याचं नाव मला बघवेना.

"ही घ्या जागा. आणि त्याला फोन करायचा नाही. मी जाऊन सांगेन."

मिझोगुचींनी पाटीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "बघू," म्हणाले. "पण कुगा नाही. नकार आला तर पहिली फेरी फुकट, आणि वर नाक कापलं जाईल ते वेगळंच. आउटफिल्डर. ठरलं."

पाणी पिऊन येते म्हणून उठले आणि थेट जिन्यानं खाली. खाली दोन वार्ताहर नेहमीसारखे ताटकळत उभे होते. आमच्यात रीत अशी, की ड्राफ्टच्या आधी संघ आपलं पहिलं नाव जाहीर करू शकतो. एकदा जाहीर केलं की ते गिळता येत नाही. गिळलं तर वसंतापर्यंत लोक हसतात, आणि मिझोगुचींना मरण चालेल पण हसू चालणार नाही.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "पेलिकन्स पहिलं नाव कुगाचं घेणार."

"पण बाई, तो तर नको म्हणालाय तुम्हाला!"

"म्हणू दे. आवडीनं हो म्हणणारे आम्ही पाच वर्षं घेतले, बघताय ना कुठे आहोत?"

वर येऊन सांगितलं तेव्हा मिझोगुचींचा चेहरा वांग्यासारखा झाला. त्यांनी मला आगाऊ म्हटलं, उद्धट म्हटलं, घरी बसवीन म्हणाले. एबिसावा मात्र पेपराआड तोंड लपवून हसत होते, खांदे हलत होते त्यांचे.

तामाकीकडे मी त्याच आठवड्यात गेले. त्यानं दार उघडलं, मला पाहिलं आणि काय ते समजला. तरी आत घेतलं, बायकोनं संत्री सोलून ठेवली. "बाई, तुम्ही स्वतः आलात," एवढंच म्हणाला. मला रडू आलं, त्यालाही आलं, त्याची बायको मात्र माझ्याकडे एकटक बघत राहिली. तिचा राग मी मान खाली घालून घेतला, तो तिचा हक्कच होता.

ड्राफ्टच्या दिवशी टोकियोला जाताना गाडीत एबिसावा आपल्याच उजव्या हाताकडे बघत होते.

"बाई, चिठ्ठी तुम्ही काढा. माझा हात फुटका आहे."

"फुटका असो नाही तर तुटका, प्रशिक्षक तुम्ही आहात. घाला पेटीत."

"कोरी निघाली तर?"

"तर गावात कोरे कागद महाग होतील. घाला म्हणते ना!"

कुगावर आमच्यासकट चार संघ अडले. चौघं जण मंचावर गेले, पेटीतून एकेक पाकीट घेतलं, एकदमच उघडलं. एबिसावा बराच वेळ हलेनात. मला वाटलं, झालं, पाचवी कोरी. मग या एवढ्या मोठ्या माणसानं चिठ्ठी डोक्यावर धरली आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी खुर्चीवरून उठून अशी किंचाळले की शेजारच्या टेबलावरचे पाहुणे दचकले.

मिझोगुचींनाही हसू आवरेना. आता कॅमेरे त्यांच्याकडे वळले होते ना! "कुगाला आम्ही योग्य तो मान देऊ," ते म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं. तिथंच माझं चुकलं, मान म्हणजे काय हे विचारायला हवं होतं.

दोन दिवसांनी उवाजिमाच्या शाळेत गेलो. चिठ्ठी जिंकली की ती घेऊन पोराकडे जायचं, ही पद्धत. मुख्याध्यापकांची खोली माणसांनी गच्च भरलेली. स्थानिक वाहिनी सगळं थेट दाखवत होती. कुगा काळ्या गणवेशात, गळ्यापर्यंत बटणं लावून, आईच्या शेजारी ताठ बसला होता. आईनं सगळ्यांपुढे तळलेल्या माशाच्या वड्या ठेवल्या होत्या, पण हात कुणी लावत नव्हतं. पोरगं पेपरात वाटलं होतं तसं मग्रूर नव्हतं. घाबरलेलं होतं, आणि तरी हटायचं नाही असं ठरवून आलेलं दिसत होतं.

एबिसावांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी दिली. त्यानं दोन्ही हातांनी घेतली. सगळं ठीक चाललं होतं.

तेवढ्यात मिझोगुचींनी ड्रायव्हरला खूण केली. तो एक चपटा खोका घेऊन आला. साहेबांनी झाकण काढलं, आतली जर्सी दोन्ही हातांत पसरून कॅमेऱ्यासमोर धरली. पाठीवर नाव कुगा. नावाखाली अठरा.

हे मला ठाऊक नव्हतं, एबिसावांनाही नव्हतं. त्यांचा जबडाच खाली पडला. मिझोगुचींना मात्र वाटत होतं, यापेक्षा मोठा मान जगात नाही. आणि खरंच आमच्यात नाहीच. म्हणून तर त्यांना पुढचं सुचलं नाही, की हा मान आत्ता कुणाच्या तरी पाठीवर आहे.

कुगानं जर्सीला हात लावला नाही.

"साहेब," तो हळू म्हणाला, "अठरा नंबर इशिगुरोदादांचा आहे."

"आता तो तुमचा," मिझोगुची हसून म्हणाले.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "इशिगुरोला सांगितलंय?"

"सांगू की संध्याकाळी," तोंड न हलवता ते पुटपुटले. "हसा जरा, कॅमेरे आहेत."

म्हणजे तामाकीची पाटी गेली ती गेलीच, आणि वर नंबरामागोमाग इशिगुरोलाही काढणार होते! आणि तो पोरगा हे आत्ता, या क्षणी, टीव्हीवर बघत असणार. मोडला आम्ही, आणि आता त्याच्या पाठीवरचा नंबर सोलून दुसऱ्याच्या पाठीवर शिवून आणला होता. वर म्हणे, हसा!

कुगा उठला. कमरेत वाकून नमस्कार केला, खूप खाली. "माफ करा. मी कंपनीच्या संघात जाईन."

त्याच्या आईनं डोळे मिटले. मिझोगुची जर्सी तशीच धरून उभे, हसू ओठांवर वाळत चाललेलं. एक क्षण मलाही वाटलं की संपलं. मग मला वाटलं, संपलं तर संपलं, पण असं नाही. या माणसाला कॅमेरा आवडतो ना? मग घे कॅमेरा.

मी ती जर्सी त्यांच्या हातातून ओढून घेतली. अध्यक्षाच्या हातातून, चारचौघांत! मुख्याध्यापकांचा कप बशीत वाजला.

"कुगा, बस खाली," मी म्हटलं. "ही चुकीची जर्सी आली आहे. शिवणाऱ्यानं घोळ घातलाय."

"बाई..." मिझोगुची म्हणाले.

"घोळच झालाय, साहेब, हो ना?" मी मोठ्यांदा, अगदी मैदानावरच्या आवाजात विचारलं. "अठरा नंबर इशिगुरोचा आहे. पुढच्या हंगामातही तोच घालणार आहे. तुम्हीच म्हणालात ना मला? कुणाला शंका नको म्हणून इथं सांगून टाका एकदा."

सगळे कॅमेरे त्यांच्याकडे वळले. मी धडधडीत खोटं बोलतेय हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. वार्ताहरांना कळत होतं, मुख्याध्यापकांना कळत होतं, त्या वड्यांनासुद्धा कळलं असेल. पण मी साहेबांना एक दार उघडून दिलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला सबंध गावाचं हसू उभं होतं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला.

"हो," ते म्हणाले. "घोळ... घोळ झालाय."

"आणि इशिगुरो?"

"इशिगुरो आमचाच आहे."

"पुढच्या वर्षी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की नजरेनं माणूस मरत असता तर मी तिथंच आडवी झाले असते. "पुढच्या वर्षीही. अठरा नंबर त्याचाच."

वार्ताहरांच्या लेखण्या खरडू लागल्या. झालं! आता कोण गिळतोय बघते.

"आता तुझं," मी कुगाकडे वळले. "तुला मी गोड बोलणार नाही. आम्ही इशिगुरोचा हात मोडला. हे खोटं नाही, आणि तू म्हणालास ते योग्यच म्हणालास. तुला पहिलं वर्ष आम्ही मुख्य संघात उतरवणार नाही. हे एबिसावासाहेब बसलेत, त्यांना विचार."

एबिसावा उभे राहिले. "मी असेपर्यंत नाही," ते म्हणाले. "तिकिटं विकली नाहीत तरी नाही." मिझोगुचींनी डोळे मिटून घेतले.

कुगानं माझ्या हातातल्या जर्सीकडे पाहिलं. "मग माझा नंबर कुठला?"

"सत्तेचाळीस मोकळा आहे. चौसष्ट आहे."

"अठराच हवा."

आईनं त्याच्या बाहीला धरलं. "अरे, आत्ता तर तूच..."

"असा खोक्यातून काढून दिलेला नको," तो म्हणाला. आता आवाज कापत नव्हता. "इशिगुरोदादांना बरं होऊ द्या. मैदानावर येऊ द्या. मी तो त्यांच्याकडून घेईन. त्यांच्यापेक्षा चांगलं टाकून घेईन. तोपर्यंत सत्तेचाळीस चालेल."

काय सांगू, इतकी वर्षं पोरं बघितली, पण असं नाही ऐकलं. एबिसावा पुन्हा रडायला लागले. मीही एक वडी उचलून तोंडात घातली, नाही तर माझंही तेच झालं असतं.

बाहेर व्हरांड्यात मिझोगुचींनी मला गाठलं. पांढरेफटक पडले होते. "सुगायाबाई, पुढच्या वर्षी तुम्ही या क्लबात नसाल."

"बरं," मी म्हटलं. "वार्ताहर अजून फाटकाशीच आहेत. बोलावू का? त्यांच्यासमोर सांगा."

ते गाडीत जाऊन बसले. मी बसनं परत आले, कारण त्या गाडीत मला जागा नव्हती. पण अजून मी क्लबात आहे.

स्थानकावरून मी तडक आमच्या दुय्यम संघाच्या सरावाच्या मैदानावर गेले. इशिगुरो जाळीसमोर एकटाच होता आणि चेंडूवर चेंडू टाकत होता, डॉक्टरांनी दिलेल्या परवानगीपेक्षा कितीतरी जोरात. म्हणजे पाहिलं होतं त्यानं.

"बाई," तो मागे न बघता म्हणाला, "सुरुवातीला ती जर्सी बघून टीव्ही फोडणार होतो."

"मग?"

"मग शेवटपर्यंत पाहिलं." त्यानं आणखी एक टाकला. "अठरा घेणार म्हणतो! माझ्याकडून! अहो, चेंडू गोळा करायला ठेवलेला हा. तेही धड नाही, निम्मे खाडीत घालवायचा."

"आता एकशे त्रेपन्ननं टाकतो."

तो थांबला. हसत होता, आणि डोळे पुसायलाही हात उचलत नव्हता. दीड वर्षात त्याला हसताना मी पाहिलंच नव्हतं. "मग जूनमध्ये मला एकशे चोपन्न लागेल," म्हणाला. "सांगा त्याला, लवकर ये म्हणावं. आयता मिळणार नाही."

असं म्हणून त्यानं पुन्हा हात मागे नेला. मी पुढे झाले, त्याच्या मुठीतून चेंडू काढून घेतला आणि माझ्या पिशवीत टाकला.

"आज पुरे," मी म्हटलं. "जून लांब आहे अजून."